चढताना कार्बोरेटरमधून, उतरताना सायलेन्सरमधून: जुन्या विलीसचं बॅकफायर आणि टायमिंग

तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी 1944 ची विलीस एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप, लष्कराच्या डिस्पोजलमधून फिरत फिरत गुहागरला आलेली. इंजिन मूळचं साइड व्हॉल्व्ह, वायरिंग 6 व्होल्टचं 12 केलेलं, कार्बोरेटर सोलेक्स. पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीनंतर बाहेर काढली तर कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरला ओढताना कार्बोरेटरमधून फाट्-फाट् सुरू झालं. एका मेस्त्रीने डेल्को (डिस्ट्रिब्युटर, प्लगना करंट वाटणारा भाग) फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेतलं. त्याने चढावरचं फाटफाट थोडं कमी झालं, पण आता घाट उतरताना सायलेन्सरमधून बार उडतात, पाणी तापतं आणि गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. पॉइंट (डेल्कोतले करंट तोडणारे संपर्क), प्लग नवे टाकलेत. आणि तुम्ही विचारता, टायमिंग नेमकं किती अंशांवर ठेवू?

अंशांचं उत्तर सोपं आहे: टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) आधी 5 अंश, स्थिर. पण आज ते लावायला जाऊ नका. टायमिंग हे या कामातलं शेवटचं पान आहे आणि आपल्याकडे सगळे तिथूनच वाचायला लागतात, कारण डेल्कोचा एक स्क्रू सैल केला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. तुमच्या गाडीला मुळात एक दुखणं होतं, ते पेट्रोलच्या बाजूचं असावं असा माझा अंदाज आहे. दुसरं उपचारातून आलं. टायमिंग मागे गेलं की जाळ उशिरा होतो, पिस्टन खाली निघाल्यावरही जळण चालूच राहतं, ती धग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डवर जाते. गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही पाय जास्त दाबता, म्हणजे आणखी धग. पाणी तापतंय ते त्यामुळेच. रेडिएटर खोलून बसू नका.

आधी आवाज कुठून येतो आणि कधी येतो, ते नीट धरा. कार्बोरेटरमधून फाट् म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटायच्या आत सिलिंडरमध्ये जाळ होता. मिश्रण फार पातळ असलं की ते इतकं रेंगाळत जळतं की पुढचा इनलेट उघडेपर्यंत आत विस्तव शिल्लक असतो. इनलेट अडकला असेल किंवा ठिणगी भलत्याच सिलिंडरमध्ये पडली, तरी तेच होतं. सायलेन्सरमधला बार वेगळा. तिथे न जळलेलं मिश्रण बाहेर जातं आणि तापलेल्या नळीत पेटतं. आणखी एक खूण: फाट् जर तालात, ठरावीक फेऱ्यांनी येत असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा, व्हॉल्व्हचा. बेताल येत असेल तर पेट्रोल किंवा करंट. कान लावून दोन मिनिटं ऐकलं तर निम्मं काम तिथेच होतं.

तुमचं फाटफाट फक्त चढावर, जोर पडल्यावर येतं. यावर एक फुकटची परीक्षा आहे. घाटात सुरू झालं की चोक बोटभर ओढा. आवाज थांबला, गाडीने उचल घेतली, तर मिश्रण पातळ आहे यात शंका नाही. चोक ओढून आणखी बिघडलं तर करंटकडे वळा. घाटात उंचीमुळे हवा विरळ होते म्हणून असं होतं, असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. विरळ हवेत मिश्रण घट्ट होतं, पातळ नाही. आणि कुंभार्लीची उंची त्यासाठी पुरतही नाही. फरक उंचीचा नाही, जोराचा आहे. सपाटीवर कार्बोरेटरची वाटी जेमतेम भरलेली राहत असेल तर ते कळत नाही, घाटात एक-दोन मिनिटं पूर्ण थ्रॉटल दिला की वाटी रिकामी होते आणि मग सुरू होतं. चढाला लागल्या लागल्याच आवाज येत असेल तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं भोक, पाहा. थोडं ओढून झाल्यावर येत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये.

पेट्रोल पोचण्याची वाट टाकीपासून तपासा. एमबीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली एका खोलगट खड्ड्यात बसते. त्या खड्ड्याच्या तळाला पाणी जायचं भोक असतं. ते मातीने बुजलं की पावसाचं पाणी तिथे साठतं आणि टाकी खालून गंजते. आतली गंजाची पूड नळीत जाते. टाकीचं झाकणही बघा. मूळ झाकणाला हवा आत घ्यायची सोय असते. बाजारातून आणून बसवलेलं साधं झाकण पूर्ण बंद असेल तर टाकीत ओढ तयार होते आणि पंप दमतो. घाटात गाडी मरायला लागली की थांबून झाकण उघडा. हवा सुस्सकन आत गेली आणि गाडी सुधारली तर दुखणं तिथेच सापडलं. फायरवॉलवर पातळ चकत्यांचा जुना फिल्टर अजून असेल तर तो खोलून ब्रशने धुवा. त्या चकत्यांमध्ये गंजाचा चिखल असा घट्ट बसतो की बाहेरून फुंकून काही होत नाही.

आता पेट्रोलचं. सध्या पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच पेट्रोल आलं तर गाडी सात-आठ टक्के पातळ चालते. इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो, सोलेक्स कुठून घेणार? उपाय जेटचा. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा 120 चा जेट आहे. 125 घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे पाहिजे तेवढंच. जेट तारेने कोरून मोठा करू नका, भोक वाकडं होतं आणि मग आकड्याला काही अर्थ राहत नाही. मूळ कार्टर कार्बोरेटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी फ्लोटची उंची आधी बघावी, झाकणापासून 3/8 इंच.

इथेनॉलची दुसरी खोड आपल्या हवेत जास्त भोवते. ते हवेतलं दमट पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून गाडी जून ते सप्टेंबर उभी राहिली की रात्रंदिवसाच्या फरकाने टाकी श्वास घेत राहते, आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल-पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. पंप ओढतो तळातूनच. पंपाच्या खालच्या काचेच्या वाटीतलं पेट्रोल स्वच्छ बाटलीत काढा आणि उजेडात धरा. मध्ये रेष दिसली, किंवा खालचा थर गढूळ दिसला, तर सगळी टाकी रिकामी करा. ‘संपवून टाकू’ म्हणत ते चालवू नका. पुढच्या पावसाळ्यात टाकी एकतर काठोकाठ भरून ठेवा किंवा पूर्ण कोरडी. अर्धी कधीच नाही. पंपाचा पडदा जुन्या रबराचा असेल तर तोही याच पेट्रोलने फुगतो आणि मऊ पडतो.

पातळ मिश्रणाचं शेवटचं कारण म्हणजे चोरून येणारी हवा. तुमच्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकमेकांना बोल्ट केलेले असतात आणि दोन्ही मिळून ब्लॉकवर बसतात. बोल्ट कसताना आधी दोघांमधले घट्ट केले आणि मग ब्लॉकवरचे, तर कुठेतरी पॅकिंगला फट राहतेच. आधी ब्लॉकवर हाताने बसवा, मग आपापसातले, मग सगळे मिळून. इंजिन आयडलला असताना पॅकिंगच्या कडेने पिचकारीने थोडं पाणी मारा. जिथे आवाज बदलला तिथे फट. पेट्रोल मारून बघणारे पुष्कळ भेटतात. गरम एक्झॉस्टच्या बोटभर वर पेट्रोल मारायचं धाडस मी तरी करणार नाही.

करंटच्या बाजूला आपल्या किनाऱ्याचा एक खास रोग आहे, त्यावर जरा थांबतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2. डेल्कोच्या कॅपवर टॉवर, म्हणजे प्लगच्या वायरी खोचायच्या जागा, याच क्रमाने शेजारी शेजारी असतात. समजा 3 नंबरला ठिणगी पडायच्या क्षणी करंट घसरून शेजारच्या 4 ला गेला. त्या क्षणी 4 चा पिस्टन कुठे असतो? खाली. नुकतंच मिश्रण ओढून घेतलेलं आणि इनलेट अजून पूर्ण मिटायचाय. तिथे ठिणगी पडली की जाळ थेट कार्बोरेटरमध्ये. 2 वरून 1 ला गेलं तरी तेच. तेव्हा कार्बोरेटरमधून बेताल, मोठं फाट् आणि त्यासोबत ओढ तुटणं, हे कॅपमधल्या गळतीचंही लक्षण असू शकतं. जोर पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगला ठिणगी मारणं जड जातं आणि करंट सोपी वाट शोधतो. म्हणून हाही दोष चढावरच दिसतो आणि पेट्रोलच्या दोषाशी त्याची गल्लत होते. चोकची परीक्षा इथेच कामाला येते.

ही सोपी वाट बनते मिठाची. समुद्राची हवा कॅपच्या आत-बाहेर मिठाचा पातळ थर बसवते. कोरड्या दिवशी तो काही करत नाही, दमट हवेत ओलसर झाला की करंट वाहतो. आपले मेस्त्री कॅप पेट्रोलच्या फडक्याने पुसतात. तेल निघतं, चकचकीत दिसते, पण मीठ पेट्रोलमध्ये विरघळतच नाही! कॅप आणि रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, साध्या पाण्याने खंगाळा, उन्हात पूर्ण वाळवा. मग टॉर्च तिरपी धरून आत बघा: दोन टॉवरच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती जळलेली वाट आहे, धुऊन जाणार नाही, कॅप बदला. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या रेषा कुठून कुठे उड्या मारतात ते दिसेल. 3 आणि 4 च्या वायरी, तसंच 1 आणि 2 च्या, एकत्र बांधलेल्या असतील तर सोडवून लांब करा.

लष्करी गाडीत अजून एक गोष्ट असते जी बाजारच्या जीपमध्ये नसते. वायरलेस सेटला त्रास होऊ नये म्हणून प्लगच्या आणि कॉइलच्या वायरीत रोधक बसवलेले असत आणि बॉनेट, इंजिन, बॉडी जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या असत. बॉनेटवरच्या नंबरानंतर ‘एस’ अक्षर असायचं ते त्यासाठीच. हे रोधक इतक्या वर्षांनी आतून तडकलेले असतात. मीटर लावून वायर हलवा. आकडा उडाला तर काढून टाका. पट्ट्या मात्र काढू नका, उलट वाढवा. हौसेने पाच हात हिरवा रंग मारलेल्या गाड्यांत इंजिनची अर्थ रंगावरच टेकलेली असते. रंग खरवडून उघड्या लोखंडावर पट्टी बसवा.

आता उतारावरचे बार. टायमिंग मागे गेलंय हे एक कारण झालं. दुसरं, एक्झॉस्टच्या पॅकिंगमधून किंवा सायलेन्सरच्या गंजलेल्या भोकातून ताजी हवा आत जाणं. उतारावर पाय काढला की इंजिन मिश्रण ओढतं पण नीट जाळत नाही, ते बाहेर येऊन या हवेत पेटतं. किनाऱ्यावर सायलेन्सर फार टिकत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. तिसरं कारण जास्त फसवं: करंट क्षणभर तुटतो आणि परत येतो. खड्ड्यात गाडी आदळली की बार, असं होत असेल तर इग्निशन स्विचमागची जोडणी, ॲमीटरचे नट आणि डेल्कोच्या आतली विणलेली बारीक अर्थ वायर पाहा. ही वायर करंगळीच्या पेराएवढी, पॉइंटच्या प्लेटवरून बॉडीला गेलेली. बाहेरून शाबूत दिसते आणि आत चारच तारा उरलेल्या असतात. बॅटरीवरून कॉइलला तात्पुरती वेगळी वायर टाकून एक फेरी मारा. बार थांबले तर दोष स्विचच्या बाजूला, नाही थांबले तर डेल्कोत.

12 व्होल्टच्या बदलात कॉइलही 12 ची घेतली का, की 6 ची ठेवून चालू आहे? 6 च्या कॉइलला मध्ये रेझिस्टन्स नसेल तर तुमचे नवे पॉइंट महिन्याभरात जळतील. कंडेन्सर नवा असला तरी भरवशाचा नसतो. हल्ली बाजारात मिळणारे काही गरम झाले की सोडतात, थंड झाले की पुन्हा साळसूद. जुना पण चालणारा कंडेन्सर मी कधी टाकून देत नाही.

हे सगळं झाल्यावर मग टायमिंग. त्याआधी पॉइंटचा गॅप, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतंच. 20 थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगचा 30 थाऊ. गॅप चारही उंचवट्यांवर मोजा. एकावर 20 आणि दुसऱ्यावर 16 येत असेल तर शाफ्टचं बुश झिजलंय आणि अशा डेल्कोवर कुठलंच टायमिंग टिकणार नाही. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेला थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने टुणकन मागे यायला हवा. अडकून राहिला तर आतली ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं गंजून धरलीत. या डेल्कोला व्हॅक्यूम ॲडव्हान्स नाही, सगळा भार या वजनांवरच, आणि ती धरली की आयडलला टायमिंग बरोबर आणि वेगात मागे, असा प्रकार होतो. पावसाळाभर उभ्या गाडीत हे हमखास सापडतं.

स्थिर टायमिंग असं लावा. 1 नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्याला हँडल हळू फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन. फ्लायव्हील हाउसिंगला उजव्या बाजूला बारीक झाकण आहे, ते सरकवलं की आतून फ्लायव्हीलवरची खूण दिसते. टीडीसीची वेगळी, इग्निशनची वेगळी. 5 अंश म्हणजे दुसरी. खूण खडूने भरून घ्या. हँडल पुढे फिरवतच खुणेवर या. पुढे गेलात तर बरंच मागे जाऊन परत या, नाहीतर गिअरमधला सैलपणा फसवतो. आता 12 व्होल्टच्या दिव्याचं एक टोक डेल्कोच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू. डेल्को रोटरच्या दिशेने फिरवा म्हणजे दिवा विझेल, मग उलट दिशेने अगदी हळू आणा. दिवा लागला त्याच ठिकाणी स्क्रू कसा. रोटर आता 1 च्या टॉवरकडे बघत असला पाहिजे.

या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आपल्याकडच्या या इंजिनांत किती गाड्यांचे अवयव एकत्र आलेत ते देव जाणे, फ्लायव्हीलही त्यातच. खात्री करायची तर व्हॉल्व्हचं झाकण काढा. 1 नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असतो तेव्हा 4 नंबरचे दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) हलायच्या बेतात असतात, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय. हे खुणेशी जुळत नसेल तर खूण खोटी. झाकण उघडलंच आहे तर टॅपेटचा गॅपही थंड इंजिनवर मोजून घ्या, 14 ते 16 थाऊ. उभ्या गाडीत इनलेट व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटतो. तो हळू मिटताना तिथेच डोळ्यांनी दिसेल. एमबींना टायमिंग गिअर नाही, चेन होती, गिअर युद्धानंतरच्या जीपमध्ये आले. तुमच्या 1944 च्या इंजिनाला चेनच असायला हवी, पण इंजिन मध्ये कधी बदललं असेल तर सांगता येत नाही. ताणलेली चेन व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही मागे नेते आणि डेल्को फिरवून फक्त एकच पुढे येतं.

शेवटी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. तुम्ही समुद्रसपाटीला आहात, त्यामुळे उंचीची वजाबाकी करायला नको: गरम इंजिन, आयडलला 18 ते 20 इंचांवर काटा स्थिर पाहिजे. स्थिर पण 15-16 वर असेल तर टायमिंग अजून मागे आहे. थरथरत असेल तर व्हॉल्व्ह. पाच-सातवर पडलेला असेल तर मॅनिफोल्डची गळती. मग घाटात न्या. दुसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटलवर टिक-टिक नॉकिंग ऐकू आलं तर एखादा अंश मागे घ्या, त्याहून जास्त नको. हे इंजिन हलक्या पेट्रोलसाठी, साडेसहाच्या आतल्या कॉम्प्रेशनसाठी बनवलेलं आहे. आजच्या पेट्रोलवर ते सहजी नॉक करत नाही.

ज्यांच्याकडे उंच बॉनेटची सीजे-3बी आहे आणि तिलाही ते विलीसच म्हणतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमचं इंजिन एफ-हेड, इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, कार्बोरेटरही हेडवरच. गॅप आणि 5 अंश तेच, पण टॅपेट इनलेटला 18 आणि एक्झॉस्टला 16 थाऊ. मॅनिफोल्डच्या गळतीचं वर लिहिलेलं प्रकरण तुम्हाला फक्त एक्झॉस्टपुरतं लागू.

हे सगळं करताना एअर क्लीनर काढून, कार्बोरेटरमध्ये डोकं घालून कोणालाही रेस द्यायला सांगू नका. ऑइल बाथ फिल्टर धुळीइतकाच जाळही अडवतो. तो काढलेल्या गाडीने भुवया जाळलेले मेस्त्री कोकणात प्रत्येक तालुक्यात एक तरी सापडेल. ओलं गोणपाट हाताशी ठेवा. आणि टायमिंग पुढे असताना हँडल मारायची वेळ आली तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती गुंडाळू नका, आणि खालून वर ओढा. उलटी लाथ बसली तर हँडल हातातून सुटून जाईल, मनगट राहील.

चोकची परीक्षा केल्यावर काय झालं आणि पंपाच्या वाटीतलं पेट्रोल कसं दिसलं, एवढं कळवा. जेट मागवायचा की कॅप, ते त्यावरून ठरवू. तोवर डेल्कोला हात लावू नका.